धोटेभाऊंचं शीड

धोटेभाऊंसमोर शिंगांचा विषय काढायचा नाही, हे आमच्या डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. फायर एक्झिट कुठे आहे ते त्यानंतर. तरी दर ख्रिसमस पार्टीला कुणीतरी बिचारा डोक्यावर प्लास्टिकची शिंगं लावून व्हायकिंग म्हणून यायचाच, आणि भाऊ हातातला ग्लास शांतपणे टेबलावर ठेवून त्याच्या दिशेनं चालू लागायचे. मग त्याची सुटका नसे.

"नो हॉर्न्स," भाऊ त्याला सांगत. "नॉट इव्हन वन. दे हॅड कोंब!" आणि शर्टाच्या खिशातून स्वतःचा कंगवा काढून पुराव्यादाखल त्याच्या नाकासमोर धरत. हे व्हायकिंग म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी उत्तरेकडून जहाजं घेऊन आयर्लंडवर चालून आलेले लोक. डब्लिनच्या पोटातून त्यांचे कंगवेच कंगवे निघालेत, हे खरंच आहे. "जो माणूस रोज केस विंचरते, तो टोपीले शिंगं लावीन का जी? केस खराब नाही होणार?" असा भाऊंचा बिनतोड सवाल होता. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कंगव्याला काम असं फारसं उरलं नव्हतं, पण दिवसातून चारदा तो फिरायचा.

अरविंद धोटे, राहणार नागपूर. आमच्या टेस्टिंग टीमचे प्रमुख, पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, गोल पोटाचे. सगळे मराठी लोक त्यांना भाऊ म्हणत आणि आयरिश लोक 'युअर मॅन' म्हणत, म्हणजे आपण जसं 'तो आपला हा' म्हणतो तसं. मला ते पहिल्या दिवसापासून 'पुणेकर' म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण माझ्या नावापेक्षा माझं गाव जास्त गंभीर आहे, असं त्यांचं मत होतं.

नागपूर म्हणजे देशाच्या मधोमध. तिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला रात्रभराची गाडी लागते. भाऊंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, गोव्याला. "मग काय केलंत?" मी विचारलं होतं. "काय करणार? लाट आली, मी मागं सरकलो. आणखी आली, आणखी सरकलो. सरकत सरकत हॉटेलात पोचलो ना बापा." त्यानंतर त्यांनी समुद्राचा नाद सोडला तो आयर्लंडला येईपर्यंत. इथे आल्यावर कुठेतरी त्यांनी वाचलं की डेन्मार्कच्या खाडीत बुडालेलं एक लांबलचक युद्धजहाज सापडलं, आणि लाकूड तपासलं तर ते निघालं डब्लिनजवळच्या ओक झाडांचं. म्हणजे जहाज बांधलं डब्लिनला, वापरलं डेन्मार्कवाल्यांनी. भाऊ ज्याला त्याला थांबवून सांगू लागले, "हे पाहा, हजार वर्षांपूर्वीचं ऑफशोअर डेव्हलपमेंट सेंटर! आपलंच काम करून राहिले होते हे लोक." तिथून जे वेड लागलं ते लागलं.

मग प्रत्येक गावाचं नाव फोडून दाखवायचं. हाउथ म्हणजे डोकं. डॉकीतला शेवटचा 'ई' म्हणजे बेट. वेक्सफर्ड म्हणजे चिखलाची खाडी. वॉटरफर्ड म्हणजे कुणी म्हणतं मेंढ्यांची खाडी, कुणी म्हणतं वाऱ्याची. भाऊ वाऱ्याच्या बाजूचे. एकदा मी लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्रॅममध्ये, मुद्दाम विचारलं, "मग सँडीफोर्ड कुणाचं हो?" भाऊंचा चेहरा एकदम पडला. "तो फोर्ड इंग्रजांचा, खाडीचा नाही. ओढा ओलांडायची जागा, बस. एवढ्या मोठ्या देशात आपल्या ऑफिसच्याच नशिबी खोटा फोर्ड आला पाहा." बाहेर पाऊस पडत होता, तो त्यांनी सँडीफोर्डवरच ढकलला.

मग दोन हजार वीस साल आलं आणि सगळे घरात कोंडले गेलो. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, असा नियम निघाला. भाऊ आणि मी ॲडम्सटाउनला एकाच रांगेत राहायचो. लोकांनी पाव भाजायला घेतले, मी दही लावायला घेतलं आणि ते काही केल्या लागेना. भाऊंनी नकाशावर वर्तुळ काढलं. वर्तुळाच्या अगदी कडेला लीक्सलिप नावाचं गाव आलं. हे नाव थेट व्हायकिंगांचं, अर्थ सामन माशाची उडी. भाऊ माझ्या खिडकीखाली येऊन बोंबलले, "पुणेकर, हद्दीत आहे ना जी! व्हायकिंग हद्दीत आहे!" शेजारच्या आयरिश म्हातारीनं घाबरून पडदा ओढून घेतला.

त्या दिवसापासून ते रोज लीक्सलिपला चालत जाऊ लागले. नदीच्या पुलावर उभं राहायचं, माशांची वाट बघायची आणि परत यायचं. एकदा रस्त्यात गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, अडवलं. कुठे निघालात? लीक्सलिप. काय काम? सामन. मासे धरायला मनाई आहे सध्या. धरायला नाही साहेब, शब्द पाहायला चाललो. झालं. पुढची हकीकत मला भाऊंनीच सांगितली, त्यामुळे थोडी फुगवलेली असणार, पण मागे गाड्यांची रांग लागली आणि गार्डा हाताची घडी घालून ऐकत राहिला, एवढं नक्की. शेवटी तो म्हणाला, "यू आर ग्रँड, गो ऑन." भाऊ घरी आले ते छाती काढूनच. "व्याख्यान ग्रँड झालं म्हणाला."

"भाऊ, इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक आहे. जा आता, असा अर्थ होतो."

"ते तुमच्या पुण्यात. मले ग्रँड म्हणाला ना तो."

हा असा माणूस. वर्षभर झूमवर त्यांच्या मागे लांब नौकेचं चित्र असायचं आणि त्यात त्यांचे कान कधी दिसायचे, कधी नाही. नवीन सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायच्या दिवशी ते 'स्वारीवर निघू या' म्हणायचे. चूक सापडली की आनंदानं 'लूट!' असं ओरडायचे. आमच्या आयरिश मॅनेजरला त्यातलं काही कळत नसे, पण तोही हळूहळू लूट म्हणायला लागला.

दोन हजार एकवीसच्या वसंतात भाऊंचे वडील नागपुरात आजारी पडले. आई पूर्वीच गेलेली, भाऊ एकुलते एक. शेजाऱ्यांनी बाबांना दवाखान्यात नेलं, शेजाऱ्यांनीच घरी आणलं. भाऊ इथून फोन धरून बसलेले असायचे. विमानं धड नव्हती, गेलं तर परत येता येईल याचा भरवसा नव्हता. बाबा वाचले. पण त्या आठवड्यांत भाऊंनी एकदाही कंगवा काढला नाही, हे मी स्क्रीनवरसुद्धा पाहत होते. बाबा घरी आल्यावर त्यांनी राजीनामा दिला. सप्टेंबरात कायमचं नागपूर. मला सांगायला आले तेव्हा अंगणातच उभे राहिले, आत या म्हटलं तर नको म्हणाले.

"वाईट नाही वाटून राहिलं," ते म्हणाले. "बाबा आहेत, घर आहे. पण एक राहिलं पुणेकर. आलो विमानानं. ही सारी गावं पाहिली बसनं. आता जाणार विमानानं. हे लोक ज्या दारानं आत आले ना, त्या दारानं मले एकदा आत जायचं आहे. वॉटरफर्डले. पाण्यातून. शीड लावून. इंजिन नाही."

"भाऊ, तुम्हाला पोहता येतं?"

"व्हायकिंगाले पोहता येत होतं, असं कुठं लिहिलं आहे?"

सुनंदावहिनी मागून आल्या. "यांना आंघोळीच्या बादलीची भीती वाटते," त्या मला म्हणाल्या, "आणि चालले समुद्रात. तू चल बाई सोबत. दोन माणसं तरी शहाणी असू देत बोटीवर." माझा नवरा पाण्याच्या बाबतीत समंजस असल्यामुळे तो दह्याकडे लक्ष द्यायला घरीच राहिला.

जुलैत आम्ही निघालो. बोट जुनी, एका शिडाची, डब्लिनच्या दक्षिणेच्या बंदरात बांधलेली. नाव 'रोशीन', ते भाऊंनी पहिल्याच मिनिटाला 'रोशनी' करून टाकलं. चालवणारी आणि मालकीण नुआला, साठीची, उन्हावाऱ्यानं रापलेली, आवाज असा की किनाऱ्यावरच्या गायींनी माना वळवाव्यात. ती फार बोलायची नाही. काहीही विचारा, उत्तर एकच: ग्रँड. वारा कसा आहे? ग्रँड. हे ढग? ग्रँड. शौचालय? ते ग्रँड नव्हतं. पंप मारावा लागायचा. तिचं बाकीचं बोलणं मी इथे मराठीतच देते.

वहिनींनी बोटीवर पाऊल ठेवल्याबरोबर प्रेसचा ताबा घेतला. प्रेस म्हणजे कपाट, आयर्लंडला राहून आम्हीही तसंच म्हणायला लागलो होतो. त्यात एका बाजूला सांभारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा डबा, दुसऱ्या बाजूला पोह्यांची तर्री बरणीत, मधे भाऊंच्या मळमळीसाठी आल्याची बिस्किटं, आवळा सुपारी आणि संत्री. संत्री स्पेनची होती. भाऊंनी एक हुंगून परत ठेवलं. "याले संत्र म्हणून राहिले हे लोक."

बंदराबाहेर पडल्याबरोबर भाऊ आडवे झाले. विक्लोचं नाव व्हायकिंगांच्या नावावरून पडलं, हे सांगायला त्यांनी डोकं वर काढलं आणि लगेच बादलीत घातलं. "विक म्हणजे... थांबा जी..." आणि परत बादली. अर्धं व्याख्यान असं हप्त्याहप्त्यानं झालं. नुआलानं एकदा वाकून त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "युअर मॅनला परत सोडून येऊ का?" भाऊंनी बादलीतूनच हात हलवला. नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना थोडं बरं वाटलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला. बरं वाटल्यामुळे त्यांना काम हवं झालं. नुआलानं दयाळूपणानं त्यांना दोरांपाशी उभं केलं. आर्क्लोच्या पुढे आलो, तोच वाऱ्याचा एक जोरदार झोत आला, बोट कलली, वहिनी डब्यासकट एका बाजूला घसरल्या आणि नुआला ओरडली, "लेट गो द शीट! द शीट!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मलाही त्या दिवशीच कळली. इंग्रजीत बोटीवर शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे दोर, शीड आवळून धरणारा किंवा सैल सोडणारा. पण शीड हा शब्द माहीत असलेल्या मराठी माणसानं 'शीट सोड' ऐकलं तर तो काय सोडील? भाऊंनी क्षणाचाही विचार न करता शीड सोडलं. म्हणजे शीड वर ओढून धरणारा जो दोर होता, तोच मोकळा केला. सगळंच्या सगळं शीड धडाधड खाली आलं, वहिनींवर, सांभारवडीवर, माझ्यावर. आत पांढरा अंधार. बाहेरून भाऊंचा विजयी आवाज आला, "सोडलं! सोडलं मॅडम!"

बोट एकदम शांत उभी राहिली, डुलत. नुआलानं शीड उचलून आत डोकावलं, आम्ही जिवंत आहोत हे पाहिलं, पडलेली एक सांभारवडी उचलून तोंडात टाकली आणि चावता चावता म्हणाली, "इतकी वर्षं समुद्रावर आहे मी. असं कुणी केलेलं पाहिलं नाही." मग दुसरी वडी घेतली. "आणि युअर मॅनने आता एकाही दोराला हात लावायचा नाही."

भाऊंना खूप लागलं ते. मी समजावून सांगितलं, शब्दांचा घोटाळा झाला, कुणाचाही झाला असता. ते म्हणाले, "घोटाळा नाही. शीड आणि शीट एकच आहे. कुठंतरी कुणीतरी चूक केली आहे. मी नाही केली." संध्याकाळपर्यंत त्यांना दुर्बीण देऊन सील पाहायला बसवलं. सील एकही दिसला नाही.

किल्मोर नावाच्या कोळ्यांच्या धक्क्याला पोचलो आणि अडकलो. वारा नैर्ऋत्येचा, थेट तोंडावर, जोराचा. वॉटरफर्ड त्याच दिशेला. एक दिवस गेला, दुसरा गेला. नुआलाला आठवड्याच्या शेवटी दुसरे लोक घेऊन निघायचं होतं. मधल्या वेळात आम्ही तोंडाला मास्क लावून टॅक्सीनं वेक्सफर्ड पाहून आलो. गल्ल्या इतक्या अरुंद की भाऊंनी मधे उभं राहून दोन्ही हात पसरले आणि दोन्ही भिंतींना लावले. "त्यांनी आखल्या या गल्ल्या. नंतरच्यांना मोठ्या करायची हिंमत नाही झाली." हॉटेलात आत बसून खायला अजून परवानगी नव्हती, म्हणून पावसात बाहेर बसून तळलेले मासे खाल्ले. मजा आली. भाऊ मात्र दर घासाला आकाशाकडे पाहत होते.

परत आल्यावर नुआलानं सरळ सांगितलं. "उद्या दुपारपर्यंत वारा फिरला नाही तर तुम्ही टॅक्सीनं वॉटरफर्ड पाहून या. मी बोट एकटी परत नेईन."

वहिनी म्हणाल्या, "मग काय बिघडलं हो? तुमच्या व्हायकिंगांचा तो रेजिनल्डचा मनोरा तोच आहे ना? टॅक्सीनं गेलं काय, बोटीनं गेलं काय."

"मनोरा तोच आहे सुनंदा," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "येणारा माणूस वेगळा आहे ना. टॅक्सीनं पाहुणा जाते. इतकी वर्षं मी इथं पाहुण्यासारखाच फिरलो. आता सप्टेंबरात चाललो तर एकदा तरी यांच्यासारखा आत जाऊ दे. मग नागपूरले गेल्यावर काही म्हणणार नाही मी. बिलकुल नाही."

वहिनींनी संत्र सोलायला घेतलं आणि अर्धं भाऊंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते स्पेनचं असूनही खाल्लं.

नुआलाला मराठीतलं काही कळलं नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं. ती खाली केबिनमध्ये गेली आणि मासे धरायची दोरी गुंडाळलेली एक लाकडी चौकट घेऊन वर आली. हाताला काम हवं म्हणून गुंता सोडवत बसली. थोड्या वेळानं भाऊ तिच्याकडे वळले आणि नेहमीसारखं विचारलं, याला काय म्हणता तुम्ही? ती म्हणाली, माझी आई आयरिश बोलणाऱ्या गावची. घरात याला दोरू म्हणायचे.

"काय?" भाऊ म्हणाले.

"दोरू. मासे धरायची दोरी. लोक म्हणतात हा शब्दसुद्धा मुळात व्हायकिंगांचा. तेच घेऊन आले."

भाऊ उभे राहिले. एवढ्या छोट्या बोटीवर जेवढं नाचता येतं तेवढे नाचले. "दोरू! पुणेकर, दोरू! दोरा! ऐकून राहिले ना?" मला भाषाशास्त्र कळत नाही, पण हा निव्वळ योगायोग असणार याची मला खात्री होती आणि आहे. ते मी त्यांना सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे इतक्या किवेनं पाहिलं की मी पुढे बोलले नाही. नुआलालाही हसू आवरेना. तिथेच दोघांनी करार केला. बोटीवर यापुढे शीट हा शब्द वापरायचा नाही. दोराला दोरू म्हणायचं, शिडाला शीड म्हणायचं. नुआलानं दोन्ही शब्द पाठ केले. 'शीड'मधला ड तिला जमेना, ती 'शीद' म्हणायची, पण भाऊ मान डोलावून म्हणाले, "ग्रँड." त्या संध्याकाळी त्यांची दोरांवरची बंदी उठली. नुआलानं त्यांना दोरू हातात देऊन धक्क्याला बांधलेल्या बोटीवर सराव दिला. दोरू सोड. शीड खाली. दोरू ओढ. आजूबाजूच्या बोटींवरचे कोळी चहाचे मग घेऊन पाहत होते. त्यातल्या एकानं विचारलं, ही कुठली भाषा? नुआला म्हणाली, जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आग्नेयेचा झाला. नुआलानं डोकं बाहेर काढलं, हाताचं बोट ओलं करून वर धरलं आणि पहिल्यांदाच ग्रँड न म्हणता म्हणाली, "चला लवकर."

सप्टेंबरात भाऊ गेले तेव्हा विमानतळात सोडायला येणाऱ्यांना आत घेत नव्हते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते टॅक्सीत बसताना, मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरलेली. त्याला काही पाहणं म्हणत नाहीत. माझ्या लेखी भाऊंचं शेवटचं दर्शन त्या दिवशीचं, वॉटरफर्डचं.

हूकच्या जुन्या दीपगृहाला वळसा घालून आम्ही खाडीत शिरलो. वारा मागे, भरतीचं पाणी आत चाललेलं, आणि बोट अशी पळू लागली की मी मोठ्यानं किंचाळले, आनंदानं. भाऊ दोरूपाशी. पाय फाकून, दात विचकून, टक्कल उन्हात चमकत. त्यांना मळमळत नव्हतं की मळमळायला वेळ नव्हता, कोण जाणे. दोन्ही बाजूंना हिरवे उतार, मेंढ्या. "मेंढ्यांची खाडी म्हणणाऱ्यांचंही चुकत नाही," भाऊ उदारपणे ओरडले. वहिनींनी गाणं म्हणायला सुरुवात केली, मग थांबल्या, मग परत सुरू केलं. त्यांचा आवाज एवढा चांगला आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग नदी अरुंद झाली आणि शेवटच्या वळणावर वारा पडला. शीड लुळं पडलं. बोट भरतीबरोबर नुसती वाहू लागली, आडवीतिडवी. नुआलाचा हात इंजिनच्या किल्लीकडे गेला. जाणारच. समोरून एक मोठी बोट येत होती आणि आमची बोट सांभाळायची जबाबदारी नुआलाची होती. भाऊंची विनवणी नाही, व्याख्यान नाही. दोन्ही हातांत दोरू घट्ट धरून फक्त तिच्याकडे पाहत राहिले. नुआलानं किल्लीवरचा हात काढला नाही, पण किल्ली फिरवलीही नाही. "थांबू जरा," ती म्हणाली. मोठी बोट भोंगा वाजवून बाजूनं निघून गेली. तिच्या लाटेवर आम्ही डुललो. आणि मग शिडाची एक कड हलली. मग दुसरी. वारा परत आला, हलकासा, पण पुरेसा.

वळण संपलं आणि शहर दिसलं. नदीकाठचा लांब धक्का, घरांची रांग, आणि टोकाला तो गोल, जाड, दगडी मनोरा. ज्यांच्या किल्ल्याच्या जागी तो उभा आहे ते याच पाण्यातून आले, याच भरतीवर. मी तोपर्यंत भाऊंच्या या सगळ्या वेडाला हसत आले होते. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, तो अजून आठवतो.

"आता!" नुआला ओरडली. तिनं बोट गर्रकन वळवून पाण्याच्या आणि वाऱ्याच्या तोंडाला लावली. "दोरू!"

भाऊंनी दोरू सोडला. शीड फडफडलं.

"शीद!"

शीड खाली आलं, सरळ, घडीसारखं. कुणाच्याही डोक्यावर नाही. बोट सरकत सरकत धक्क्याला टेकली. वहिनी टाळ्या वाजवू लागल्या. मी नाचत होते बहुधा. नुआलानं भाऊंच्या पाठीवर अशी थाप मारली की ते पुढे झुकले आणि धक्क्याचा लोखंडी खांब त्यांच्या हाती आला.

तरंगत्या धक्क्यावर बंदराचा माणूस उभा होता, पिवळ्या जाकिटातला. त्यानं आमची दोरी झेलली, बांधली आणि हसून म्हणाला, "इंजिनाशिवाय आत आलेलं बऱ्याच दिवसांनी पाहिलं. या, स्वागत आहे. किती दिवस राहणार तुम्ही?"

साधा प्रश्न. जागा किती दिवस अडणार, एवढंच त्याला हवं होतं. पण वहिनींच्या टाळ्या थांबल्या. मी दोरी गुंडाळायला घेतली, जी आधीच गुंडाळलेली होती. "एकच रात्र," वहिनी हळूच इंग्रजीत म्हणाल्या.

"वन नाइट," भाऊ म्हणाले. मग मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. "दे ऑल्सो टोल्ड सेम थिंग."

तो माणूस आधी मनोऱ्याकडे पाहत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो असा हसत सुटला की त्याला गुडघ्यावर हात टेकावे लागले. नुआला हसली. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी कशाचं होतं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. हसता हसता भाऊंकडे पाहिलं. ते हसत नव्हते. दोन्ही पाय बोटीवर, दोन्ही हात त्या खांबाभोवती.

"बांधली आहे ती," नुआला त्यांना म्हणाली. "आता सोडलं तरी चालेल."

वहिनी उतरल्या. मी उतरले. सामान उतरलं. नुआलानं परत एकदा सांगितलं, बोट बांधून झाली आहे, कुठे जात नाही. भाऊंनी मान हलवली, ऐकलं असं दाखवलं, आणि खांब सोडला नाही.